घोड्याची चंदी आणि कामाचे तास



चालकांनी मला कामगार कायद्यांवर बोलायला बोलावले होते. मी म्हटले, घोड्यावर बोलू द्या, कायदा त्यात आपोआप येईल. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत रात्री झाले, आणि आधीचे वडिलांच्या तबेल्यात. वडील पंढरपुरात टांगा हाकीत.

तबेल्यातला पहिला धडा असा, की तहानलेल्या घोड्याला आधी पाणी, मग वैरण आणि सर्वांत शेवटी चंदी. घोड्याचे जठर देहाच्या मानाने फार लहान असते, आणि त्याला ओकता येत नाही. आपल्याला अजीर्ण झाले तर आपण ओकून मोकळे होतो. घोड्याला ती सोय नाही. मोकळा सोडलेला घोडा दिवसाचा बराचसा वेळ थोडे थोडे चरतच असतो. त्याचे पोट त्यासाठीच घडलेले आहे. म्हणून चंदी तीन-चार वेळा विभागून द्यायची आणि कोरडी वैरण सदैव पुढ्यात ठेवायची. पाणी दिवसाला २५ ते ४० लिटर, उन्हात काम असेल तर त्याहूनही जास्त. घामाघूम घोड्याला पाणी दाखवू नये असे वडील म्हणत. त्यात ते चुकत होते. त्याला सावलीत घ्यावे आणि थोडे थोडे पाजावे.

बाकी बाबतीत वडिलांना सारे ठाऊक होते. तरीही १९८३ च्या आषाढीत आमची घोडी मेली. 'आमची' म्हणायची एवढेच, टांगा आणि घोडी दोन्ही मालकाची. मालकाला रोजचा ठराविक आकडा द्यायचा, वर उरेल ते आमचे. यात्रेत तो आकडा दुप्पट झाला. घोडी पहाटे जुंपली ती मध्यरात्री सुटली. वडिलांना तिची कीव आली. त्यांनी तिच्यापुढे एकदमच दुप्पट चंदी ठेवली. पहाटे ती पुढच्या पायाने जमीन उकरू लागली, मान वळवून कुशीकडे पाहू लागली, लोळू लागली. लीद बंद झाली होती. हा पोटशूळ. डॉक्टर आले तेव्हा दुपार झाली होती. वडिलांनी तिला उपाशी ठेवून नव्हे, माया करून मारले. आणि घोडीची किंमत पुढली तीन वर्षे आमच्या कमाईतून वळती झाली.

मी बारा-तेरा वर्षांचा होतो. वडिलांच्या हातून चूक झाली, हे मी बरीच वर्षे धरून बसलो होतो. पुढे युनियनमध्ये आल्यावर दोन कागद शेजारी ठेवून वाचले. १९४८ च्या कारखाना कायद्याने प्रौढ कामगाराला दिवसाला ९ तासांची मर्यादा घातली होती, आणि सलग ५ तासांनंतर विश्रांती. जनावरांना क्रूरतेने वागवू नये म्हणून १९६५ साली ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी नियम झाले. त्यांतही दिवसाला ९ तास, सलग ५ तासांहून जास्त काम नाही. शिवाय पारा ३७ अंशांवर गेला, तर दुपारी १२ ते ३ जनावर जुंपायचे नाही. म्हणजे त्या आषाढीत घोडीच्या बाजूने कायदा होता! पण रोजचा आकडा मालक ठरवीत होता. मग ९ तास कोणी मोजायचे?

कामगाराला साप्ताहिक सुट्टी मिळाली, घोड्याच्या नियमांत ती नाही. ती द्यावीच, पण एका गोष्टीला जपून. रोज राबणारा घोडा एक दिवस बांधून ठेवला आणि चंदी मात्र पूर्ण घातली, तर दुसऱ्या दिवशी जुंपताच त्याच्या कमरेचे आणि मांड्यांचे स्नायू लाकडासारखे ताठतात, घाम सुटतो, लघवी काळपट होते. इंग्रज याला सोमवारचा रोग म्हणत. असा घोडा जागेवरच थांबवावा, चालवू नये, डॉक्टर आणावा. आणि सुट्टीच्या दिवशी चंदी कमी करून वैरण वाढवावी. सुट्टीचा पगार कापू नका म्हणून आयुष्यभर भांडलेल्या माणसाला हे सांगणे जड जाते, पण घोड्याचे शास्त्र वेगळे आहे.

खुरांचे थोडक्यात सांगतो. खूर महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढते, तेव्हा दीड-दोन महिन्यांनी नालबंद आलाच पाहिजे. रोज खरारा करावा. त्याने अंग स्वच्छ होतेच, पण तंगाखालची जखमही हाताला लागते.

टांगे आता जवळपास गेले, पण घोडा गेलेला नाही. माथेरानला दस्तुरीच्या पुढे खाजगी मोटार जात नाही, तिथे पर्यटकाला घोडा लागतो. आणि आपल्या गावात वरातीला लागतो. परवा एका वरातीत पाहिले, घोडी चार वाजल्यापासून बँडशेजारी उभी, नवरदेव आठला आले. घोडेवाल्याशी बोललो. ठेकेदार त्याला वरातीमागे ठराविक रक्कम देतो, ताटकळण्याचे काही नाही. तुमच्या घरी कार्य असेल तर घोडी यायची वेळ खरी सांगा, ताटकळण्याचे पैसे घोडेवाल्याच्या हातात द्या, आणि मांडवामागचा नळ त्याला आल्याबरोबर दाखवून ठेवा. बादली तो आणतो, पाणी कुठे ते त्याला कोणी सांगत नाही.