पाण्याखालचे गाव आणि माळावरचे घर

पुण्यातील एखाद्या घरी सकाळी नळ सोडला की पाणी येते, आणि ते आले म्हणजे त्याविषयी विचार करण्याचे कारण उरत नाही. हे पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव व टेमघर येथील धरणांचे, एवढे शाळकरी मुलासही ठाऊक असते. पण त्या पाण्याखाली जी गावे होती, तेथील माणसे आज कोठे राहतात, हे सुशिक्षित गृहस्थासही सहसा सांगता येत नाही. त्यांच्यापैकी कित्येक कुटुंबे सह्याद्रीच्या कुशीतून उठून पूर्वेस दौंड तालुक्यात आली. पुढे भीमेवर चासकमानचे धरण झाले, तेव्हा खेड तालुक्यातील विस्थापितांना शिरूरच्या बाजूस जमिनी दाखविण्यात आल्या. शिरूर आणि दौंड हे तालुके अशा रीतीने दुसऱ्यांची उठलेली गावे वसविण्याचे ठिकाण झाले. दौंडला तर दोन्ही अनुभव आले. उजनीचे धरण १९८० साली पूर्ण झाले आणि त्याचा फुगवटा खानोट्यासारख्या दौंडच्या भीमाकाठच्या गावांच्या शिवारापर्यंत येऊन ठेपला.

या प्रश्नाचा उगम पुणे जिल्ह्यातच शोधावयास हवा. १९२१ साली मुळशी पेट्यात टाटा कंपनीच्या विजेच्या धरणासाठी सरकारने १८९४ च्या भूमिसंपादन कायद्यान्वये जमिनी घ्यावयाचे ठरविले. मावळ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे आदि पुढारी त्यात होते, आणि मावळातील स्त्रियाही मागे राहिल्या नाहीत. त्या लढ्यातील एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पेट्यातील बऱ्याच जमिनी पुण्यातील सावकारांच्या नावे होत्या. त्यांनी चांगल्या मोबदल्यावर समाधान मानले. ज्याचे नाव कागदावर, त्याला पैसे मिळाले. ज्याचे घर त्या जमिनीवर, त्याला उठावे लागले. कायदा मालकी ओळखत होता, वस्ती ओळखत नव्हता.

स्वराज्य आले तरी १८९४ चा तो कायदा बदलला नाही. मोबदला म्हणजे पैसा, हीच त्याची दृष्टी कायम राहिली. पैसा हाती आला की तो लग्नकार्यात, जुन्या कर्जात, आजारपणात जातो, आणि दोन-चार वर्षांत शेतकरी शेतमजूर होतो, हा अनुभव गावोगाव आला. यातूनच महाराष्ट्रात १९७६ साली विस्थापितांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा झाला. पुढे १९८६ व १९९९ चे कायदे आले. जमिनीच्या बदल्यात धरणाच्या लाभक्षेत्रात जमीन, आणि गावठाणाच्या बदल्यात नागरी सोयींसह नवे गावठाण, हे यांचे मुख्य तत्त्व होय. तत्त्व उत्तम आहे. ज्याच्या शेतात धरणाचे पाणी जाणार, त्याने धरणासाठी उठलेल्यास वाटा द्यावा, यात न्याय आहे.

परंतु तत्त्व आणि व्यवहार यांच्यामध्ये तलाठ्याचे दप्तर असते. धरणग्रस्ताने जमीन मागितली, तर मिळालेल्या मोबदल्यातील ६५ टक्के रक्कम त्याने सरकारात भरावयाची असते. मोबदला एका वर्षी मिळावा, जमिनीची सोय अनेक वर्षांनी व्हावी, आणि मधल्या काळात कुटुंबाने जगावे तरी कशावर, याचा विचार या हिशेबात फारसा नाही. ज्याने पैसे खर्चून टाकले, त्याचा हक्कच धोक्यात येतो.

दुसरी बाजू शिरूर-दौंडच्या मूळ शेतकऱ्याची. त्याच्या सातबाऱ्यावर ‘पुनर्वसनासाठी राखीव’ असा शेरा पडला, की ती जमीन विकणे वा वाटून घेणे त्याला सरकारी परवानगीवाचून कठीण होते. कालव्याचे पाणी शिवारात पोचले नाही, तरी शेरा मात्र हलला नाही, अशी तक्रार या भागात वर्षानुवर्षे ऐकू येत असे. डोंगरातून आलेला मनुष्य म्हणतो, “आमचे घर गेले.” माळावरचा म्हणतो, “आमचे शेत गेले.” दोघेही खरे बोलतात. ज्या योजनेने दोघांवरही भार टाकला, ती मात्र या भांडणात कोठेच उभी नसते.

घराची गोष्ट तर याहून नाजूक आहे. भाताच्या खाचरावर आणि डोंगरउतारावरच्या नाचणी-वरईवर वाढलेला मनुष्य ज्वारी-बाजरीच्या कोरड्या मुलखात येतो. गावठाणात त्याला आखलेला भूखंड मिळतो. भूखंड म्हणजे घर नव्हे, आणि अनेक भूखंड मिळून गाव होत नाही. गावाला पिण्याच्या पाण्याची विहीर लागते, शाळा लागते, शेताकडे जाणारी वाट लागते, आणि मेलेल्याला नेण्यासाठी स्मशानभूमीही लागते. त्यातही भूमिहीन मजूर आणि बलुतेदार यांची स्थिती अधिक बिकट. जुन्या गावात त्यांचा आधार जमीन नसून शेजार होता, आणि शेजाराचा मोबदला कोणत्याही तक्त्यात धरलेला नसतो.

हा प्रश्न जगात अन्य ठिकाणी किती उग्र रूप घेतो, ते पॅलेस्टाईनकडे पाहिले असता दिसते. १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या २५ व्या कलमात निवाऱ्याचा हक्क आहे. दुसऱ्याच दिवशी त्याच सभेने ठराव केला, की घरी परतून शेजाऱ्यांसह शांततेने राहू इच्छिणाऱ्या पॅलेस्टिनी निर्वासितांना परतू द्यावे. त्या युद्धात सात लाखांहून अधिक माणसे घरांस मुकली होती. पुष्कळांनी जुन्या घरांच्या किल्ल्या जपून ठेवल्या आणि त्या मुलानातवंडांच्या हाती दिल्या. १९६७ पासून जो भाग इस्राएलच्या लष्करी ताब्यात आहे, तेथे पॅलेस्टिनी माणसाला घर बांधण्याचा परवाना क्वचितच मिळतो, आणि परवान्यावाचून बांधलेले घर पाडले जाते. व्याप्त प्रदेशातील लोकांना बळाने हलविण्यास १९४९ चा चौथा जिनिव्हा करार मनाई करतो. १९ जुलै २०२४ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हा ताबाच बेकायदा असल्याचे मत दिले.

दौंड-शिरूरची तुलना तेथल्या दुःखाशी करणे योग्य होणार नाही. तेथे परक्या सैन्याची सत्ता आहे. येथे लोकांनीच निवडलेले सरकार आहे, आणि धरणाचा हेतूही लोकहिताचा आहे. तथापि एक सूत्र दोन्हीकडे सारखे आढळते. माणसाला घरातून उठविणारा प्रथम त्याच्या घराला नुसती जागा म्हणू लागतो. एकदा जागा म्हटले की तिची किंमत करता येते, तिच्याऐवजी दुसरी दाखविता येते, आणि ती सोडण्याची मुदत घालता येते.

‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही धरणग्रस्तांची जुनी मागणी या दृष्टीने पाहिली म्हणजे तिच्यात हट्ट दिसत नाही. तिच्यात फक्त क्रम आहे. पाणी अडविण्यापूर्वी विहिरीला पाणी असावे, भिंत उभी राहण्यापूर्वी शाळा उभी राहावी, आणि माणूस जुन्या उंबऱ्यावरून उतरण्यापूर्वी नव्या घराचा कागद त्याच्या हाती असावा. ज्याची जमीन घ्यावयाची नाही, त्याच्या सातबाऱ्यावरील शेराही तितक्याच तत्परतेने निघावा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि पुण्यातील असंख्य घरे वाहून गेली, तेव्हा एका दिवसात बेघर होणे म्हणजे काय, हे या शहरास कळले होते. पूरग्रस्तांसाठी नव्या वसाहती उभारल्याच पाहिजेत, याविषयी तेव्हा कोणास शंका वाटली नाही. त्याच धरणासाठी जे आधीच घराबाहेर पडले होते, त्यांच्याविषयीही ती शंका कोणी बाळगू नये. शहराच्या नळाला येणाऱ्या पाण्यावर त्यांचे एवढे ऋण निश्चित आहे.