इंडिकेटरची टिकटिक

मंडळी, गाडी वळवण्याआधी आपण इंडिकेटर लावतो आणि आतून टिक-टिक असा आवाज येऊ लागतो. या आवाजाकडे कोणी विशेष लक्ष देत नाही. तो एकाएकी दुपटीने धावू लागला म्हणजे मात्र कान टवकारतात. अलीकडे पुष्कळ जण जुन्या जीपला, मोटारीला किंवा ट्रॅक्टरला घरच्या घरी एलईडीचे बल्ब बसवतात. बल्ब बसतो, उजेडही पडतो. पण टिकटिक घोड्यासारखी उधळते, नाहीतर दिवा लागतो तो लागूनच राहतो, मिचकत म्हणून नाही. मग शेजारचा कोणी सांगतो, ‘‘फ्लॅशर गेला, बदलून टाका.’’ फ्लॅशर गेलेला नसतो. तो आपले काम चोख करीत असतो. ते काम कोणते, हे आधी पाहू आणि मग पक्कड हातात घेऊ.

वळण्याची खूण पूर्वी हात बाहेर काढूनच करावी लागे. १९४८ साली निघालेल्या मॉरिस मायनर गाडीत दारामागच्या खांबातून एक लहानसा दांडा बाहेर पडे आणि त्यात दिवा असे. त्या गाडीला मिचकणारे दिवे आले ते १९६१ साली.

आता हे मिचकणे घडते कसे? जुन्या गाडीत स्टिअरिंगच्या आसपास पत्र्याची एक लहान डबी असते, तोच फ्लॅशर. साध्या प्रकारच्या डबीत दोन निरनिराळ्या धातूंची जोडपट्टी असते. दिव्यांकडे जाणारी वीज या पट्टीला तापवते. दोन धातू सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून पट्टी वाकते आणि संपर्क तुटतो. दिवा विझतो. पट्टी निवते, सरळ होते, पुन्हा संपर्क, पुन्हा दिवा. काही डब्यांत पट्टीऐवजी ताणलेली बारीक तार असते, पण खेळ उष्णतेचाच.

शिक्षक बंधुभगिनींनी पुढचे गणित फळ्यावर जरूर मांडावे. इंडिकेटरचा नेहमीचा बल्ब २१ वॅटचा आणि बॅटरी १२ व्होल्टची. २१ भागिले १२ म्हणजे १.७५ अँपिअर. पुढचा एक व मागचा एक धरून ३.५ अँपिअर झाले. आता तेथे तीन-तीन वॅटचे एलईडी बसवा. दोन्ही मिळून सहा वॅट, म्हणजे अवघा अर्धा अँपिअर. एवढ्याशा विजेने पट्टी तापायची कशी? म्हणून दिवा लागूनच राहतो.

त्यानंतरच्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर आला. तो दिव्यांकडे जाणारी वीज मोजतो. ती कमी भरली, की एक बल्ब गेला असे समजून तो टिकटिक दुप्पट करतो. हे मुद्दाम केलेले आहे, बरे का! चालक पुढे बसतो. मागचा दिवा त्याला दिसत नाही. उधळलेली टिकटिक म्हणजे ‘मागचा दिवा बंद आहे’ असा निरोप आहे. तेव्हा बल्ब न बदलताच टिकटिक उधळली, तर आधी बल्ब पाहा. बल्ब चांगला असेल तर होल्डर आणि अर्थची तार पाहा. पुष्कळदा गंज चढलेला असतो आणि पॉलिश कागदाच्या चार घासण्यांत काम भागते.

माझे मत विचाराल, तर ज्या गाडीचे बल्ब नीट चालतात तिला हा खटाटोप नको. इंडिकेटर लागतो काही सेकंद. त्यात विजेची बचत ती काय होणार! मात्र गाडीरस्त्याच्या धक्क्यांनी ज्या ट्रॉलीच्या बल्बची तार वरचेवर तुटते, तिला एलईडी खरोखर उपयोगी. त्यात तुटायला तारच नाही.

उपाय दोन आहेत. पहिला म्हणजे प्रत्येक बाजूला एलईडीशी समांतर एक रोधक जोडणे. सहसा ६ ओहम, ५० वॅटचा मिळतो. तो दोन अँपिअर वीज खातो आणि फ्लॅशरला वाटते, बल्ब जागेवर आहेत. पण वाचवलेली वीज अशी उष्णतेत गेली! इंजिन चालू असताना व्होल्टेज चौदापर्यंत चढते आणि रोधकात ३२ वॅटच्या वर उष्णता निघते. इंडिकेटर बराच वेळ चालू राहिला तर हात भाजेल इतका तो तापतो. म्हणून तो गाडीच्या पत्र्यालाच स्क्रूने आवळावा, प्लॅस्टिकला टेकू देऊ नये, तारांच्या जुडग्यातही कोंबू नये.

दुसरा उपाय अधिक चांगला : एलईडीसाठी बनवलेला फ्लॅशर बसवणे. आधी बॅटरीची अर्थची तार सोडा. टिकटिकीच्या आवाजावरून डबी कोठे आहे ते हेरून ठेवलेले असावे. जुन्या डबीला बहुधा दोन पिना असतात : ‘बी’ बॅटरीकडून येणारी, ‘एल’ दिव्यांकडे जाणारी. नव्या फ्लॅशरला तिसरी ‘ई’, म्हणजे अर्थची. तिला एक नवी तार जोडून ती स्वच्छ घासलेल्या पत्र्यावर घट्ट बसवा. ‘बी’ आणि ‘एल’ची अदलाबदल होऊ देऊ नका. काही जुन्या इंग्रजी गाड्यांत बॅटरीचे धन टोक अर्थला असे; तेथे हे सामान तसेच जोडू नये. आणि अगदी नव्या गाड्यांत वेगळी डबीच नसते, फ्लॅशरचे काम गाडीतला संगणक करतो. तेथे हात घालू नये हे उत्तम.

एवढे करूनही कधी गंमत होते. डावा इंडिकेटर लावला, की चारही दिवे मिचकतात! ज्या गाडीत डॅशबोर्डवर दोन्ही बाजूंना मिळून एकच खुणेचा दिवा असतो, तेथे हे घडते. तो दिवा डाव्या व उजव्या तारांच्या मध्ये जोडलेला असतो. एका बाजूची वीज त्यातून दुसऱ्या बाजूच्या बल्बांवाटे अर्थला जाते. मोठ्या बल्बांना ती जाणवत नाही, एलईडी मात्र तेवढ्यावरही लागतात. अशा वेळी खुणेच्या दिव्याच्या दोन्ही तारांत एकेक डायोड घालावा, दोन्ही डायोडांची पट्टा असलेली टोके एकत्र करून दिव्याच्या एका टोकाला जोडावीत आणि दिव्याचे दुसरे टोक अर्थला द्यावे. ‘वन-एन-४००७’ हा स्वस्त डायोड पुरतो.

ट्रॉलीची गोष्ट उलटी. ट्रॅक्टरच्या दोन बल्बांना ट्रॉलीचा तिसरा २१ वॅटचा बल्ब जोडला, की वीज ५.२५ अँपिअर होते. पट्टी लवकर तापते आणि टिकटिक वाढते. तेथे तीन बल्बांचा भार पेलणारा फ्लॅशर हवा. भार डबीवर छापलेला असतो, तो वाचून घ्यावा.

हे झाले जोडकाम. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. रोधक बसवा की नवा फ्लॅशर, मागचा दिवा गेल्याचा निरोप आता बहुधा येणार नाही. एलईडी बंद पडला तरी टिकटिक ठरल्या चालीने चालूच राहील. हंगामात पहाटे उसाची ट्रॉली उजवीकडे वळते, मागून मोटारसायकल येत असते, आणि चालक निर्धास्त असतो, कारण आत टिकटिक ऐकू येते. म्हणून निघण्यापूर्वी इंडिकेटर लावून गाडीभोवती एक फेरी मारणे आता चालकाकडे आले. ऊस रचल्यावर दिवा झाकला गेला नाही ना, काचेवर चिखल नाही ना, हेही तेव्हाच दिसते.

नव्या दिव्याची परीक्षा भर दुपारी घ्या. वीस-पंचवीस पावलांवर मागे उभे राहून तो स्पष्ट दिसला पाहिजे, आणि थोडे बाजूला सरकल्यावरही. काही एलईडी सरळ समोरच उजेड टाकतात, ते येथे निरुपयोगी. रंग पिवळसर नारिंगीच हवा. तशा काचेमागे पांढरा एलईडी फिका दिसतो. मग घड्याळ लावून एका मिनिटातले लुकलुकणे मोजा. ६० पेक्षा कमी नको, १२० पेक्षा जास्त नको. हे मोजायचे काम शाळकरी मुले हौसेने करतात.

आणि काढलेली डबी व जुने बल्ब फेकू नका. चिंधीत गुंडाळून गाडीतच ठेवा. एलईडीचे फ्लॅशर बहुधा साध्या बल्बांवरही चालतात, तेव्हा रात्री वाटेत एखादा एलईडी गेला तर जुना बल्ब लावून घर गाठता येईल.