समन्वयाची मजुरी

स्थानिक स्वराज्य संस्था आणि ग्रामीण दारिद्र्य या विषयावरील ही परिषद महानगरात न भरविता देवळ्यासारख्या तालुक्याच्या गावी भरविल्याबद्दल निमंत्रकांचे, स्वागत समितीचे आणि व्यवस्था पाहणाऱ्या विद्यार्थ्यांचे आभार मानणे हे अध्यक्षाचे पहिले कर्तव्य होय. विद्यापीठीय विद्वानांना डावलून पंचायत समित्यांत विस्तार अधिकारी म्हणून हयात घालविलेल्या माणसाची या पदासाठी निवड झाली, त्याबद्दलची कृतज्ञताही येथेच नोंदविणे उचित ठरेल. निमंत्रणपत्रात अपेक्षा व्यक्त झाली आहे ती एकात्मिक सेवांच्या, म्हणजे अन्न, आरोग्य, निवारा, शिक्षण आणि रोजगार ही कामे निरनिराळ्या खात्यांनी एकाच कुटुंबासाठी परस्परांशी जुळवून करण्याच्या पद्धतीच्या, गेल्या साठ वर्षांतील आढाव्याची. तो आढावा घेतला जाईल, परंतु धावता. कारण या साऱ्या चर्चेत एक प्रश्न सतत बाजूला पडत आला आहे, आणि तो मांडण्याची संधी प्रस्तुत वक्त्याला पुन्हा मिळेल असे त्याचे वय पाहता दिसत नाही. समन्वयाच्या बैठका होतात, इतिवृत्ते लिहिली जातात, पण खात्याखात्यांतील दुवा जुळविण्याचे काम प्रत्यक्षात कोण करतो आणि त्या कामाची मजुरी कोणाच्या पदरची जाते, हा तो प्रश्न होय.

आढाव्याचा सांगाडा उपस्थितांना परिचित आहे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला, १९५७ मध्ये बलवंतराय मेहता समितीने सत्तेच्या विकेंद्रीकरणाची शिफारस केली, आणि वसंतराव नाईक समितीच्या १९६१ मधील अहवालानंतर १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कामाला लागल्या. नाईक समितीने जिल्हाधिकाऱ्याला जिल्हा परिषदेच्या बाहेर ठेवले आणि शेती, आरोग्य, शिक्षण, पशुसंवर्धन, समाजकल्याण ही विकासाची खाती एका लोकनिर्वाचित संस्थेच्या हाती दिली, हा त्या काळी मोठ्या धारिष्ट्याचा निर्णय होता. एकात्मिक सेवा म्हणून आज जे मागितले जाते, त्याची चौकट या राज्यात तेव्हाच उभी होती. ती मोडली कोणी, तर ज्यांनी उभी केली त्यांच्याच वारसांनी, आणि तीही एका फटक्यात नव्हे. रोजगार हमी योजना १९७२ मध्ये आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि तिची सूत्रे महसूल यंत्रणेकडे राहिली. १९८० मध्ये एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमासाठी जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणा ही वेगळी नोंदणीकृत संस्था निघाली. १९९८ मध्ये कृषी खात्याची पुनर्रचना होऊन तालुका कृषी अधिकारी थेट राज्य शासनाचा झाला. २०११ नंतर बचत गटांचे काम पाहणारे उमेद अभियान आपली स्वतंत्र उतरंड घेऊन आले. दरम्यान त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती होऊन अकराव्या अनुसूचीत २९ विषय पंचायतींसाठी नमूद झाले आणि त्यांत सोळाव्या क्रमांकावर दारिद्र्य निर्मूलन कार्यक्रम आहे. विषय अनुसूचीत गेला, अधिकार मात्र होते तेथेच राहिले. मार्च २०२२ मध्ये सदस्यांच्या मुदती संपल्यावर तर बहुतेक जिल्हा परिषदा व पंचायत समित्या प्रशासकांच्या हाती गेल्या. आढावा येथे संपला असे समजावे.

आता मूळ मुद्दा. देवळा तालुका १९९९ मध्ये स्वतंत्र झाला आणि तहसील कचेरी व पंचायत समिती गावात आली, ही सोय लहान नव्हे. तरीही या तालुक्यातील गिरणाकाठच्या एखाद्या भिल्ल कुटुंबाला आपल्या मुलास आश्रमशाळेत घालावयाचे असेल, वडिलांच्या मागे आईला निराधार अनुदान मिळवावयाचे असेल आणि पडके घर बांधून घ्यावयाचे असेल, तर त्या कुटुंबाचा मार्ग पाहण्यासारखा आहे. मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीत, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याचा अहवाल आणि मग तहसील, जातीच्या दाखल्यासाठी चांदवडचे उपविभागीय कार्यालय, आदिवासी विकासाच्या योजनांसाठी कळवणचे प्रकल्प कार्यालय, घरकुलासाठी पंचायत समिती, आणि कोठे अडले तर नाशिक. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. तो सामान्यतः आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावरून वा जमिनीच्या उताऱ्यावरून देतात, आणि ज्या आजोबांनी शाळा पाहिली नाही व ज्यांच्या नावे गुंठाभरही वावर नव्हते, त्यांच्या नातवाने काय दाखवावे याचे उत्तर परिपत्रकात सापडत नाही. हे सर्व कागद सरकारचेच, एका सरकारी कार्यालयाने दुसऱ्या सरकारी कार्यालयाला सांगावयाची माहिती त्यांत असते, आणि ती पोहोचवितो तो रोजावर जाणारा माणूस, त्या दिवसाचा रोज बुडवून. समन्वयाची मजुरी म्हणावयाचे ती ही. एकात्मिक ग्रामीण विकास, अभिसरण, म्हणजे अनेक योजनांचा निधी एका कामावर एकत्र आणणे, आणि मिशन अंत्योदय अशी नावे बदलत गेली. कचेरीच्या पायरीवर बसलेल्या माणसाचे काम बदलले नाही.

एका कुटुंबाची नोंद एका गावात किती ठिकाणी असते, हेही एकदा मोजावे. अंगणवाडी सेविकेची कुटुंब सर्वेक्षणाची नोंदवही, आशा कार्यकर्तीची वेगळी वही, ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टी आकारणीची नोंद, तलाठ्याकडील आठ-अ, म्हणजे खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा, रेशन दुकानदाराची यादी, ग्रामरोजगार सेवकाकडील जॉबकार्ड, घरकुलाची ‘ड’ यादी, शाळेचा हजेरीपट आणि बचत गटाच्या ताईकडील माहिती, एवढ्या ठिकाणी तेच घर पुन्हा पुन्हा लिहिले जाते आणि या वह्या परस्परांना कधी भेटत नाहीत. २०२४ मध्ये तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी झाला. दप्तरे जेथल्या तेथे आहेत. शिवाय यात एक विपरीत न्याय दडलेला आहे. गायरानात झोपडी असलेल्याला नमुना ८ नाही, भूमिहीनाला आठ-अ नाही, हंगामात ऊसतोडीला गेलेल्याचे सर्वेक्षणात नाव नाही. म्हणजे कुटुंब जितके गरीब तितके त्याचे कागद कमी, आणि गरिबी सिद्ध करावयाची ती मात्र कागदांनीच.

उत्पन्नाच्या दाखल्याविषयी स्वतंत्रपणे बोलणे भाग आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून चालू आहे आणि तिच्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा दीर्घकाळ २१,००० रुपये राहिली. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रातील रोजगार हमीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. तेव्हा कायद्याने हमी दिलेले १०० दिवसांचे काम शासनाने एखाद्या विधवेला खरोखरच दिले असते, तर तिची मजुरी २९,७०० रुपये झाली असती आणि ती शासनाच्याच दुसऱ्या योजनेतून बाद ठरली असती. एका खात्याने आपले वचन पाळले तर दुसऱ्याचे दार बंद होते, म्हणून तलाठी मर्यादेच्या आतला आकडा लिहितो, अर्जदार मान हलवितो आणि तहसीलदार सही करतो; या तिघांपैकी कोणालाही दोष देण्याची प्रस्तुत वक्त्याची इच्छा नाही. दोष मर्यादा ठरविणाऱ्या दोन टेबलांचा आहे, ज्यांनी एकमेकांकडे कधी पाहिले नाही.

परिषदेसाठी आलेल्या निबंधांत दोन वाद ठळक आहेत. पहिला वाद यादीचा. काही अभ्यासकांच्या मते गरिबांची निवड गुणांकनाने व्हावी, म्हणजे ठरावीक निकषांवर प्रत्येक कुटुंबाला गुण देऊन. इतरांच्या मते ती ग्रामसभेने करावी. २००२ च्या दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांच्या पाहणीत १३ निकष होते, प्रत्येकाला ० ते ४ असे एकूण ५२ गुण होते, आणि यादीतील कुटुंबांची संख्या वरून ठरलेल्या मर्यादेतच बसवावयाची होती. त्या पाहणीच्या वेळी प्रस्तुत वक्ता ज्या पंचायत समितीत होता, तेथील एका गावी दिराच्या घरात पडवीला राहणाऱ्या एका विधवेला पक्के घर आणि दूरदर्शन संच यांचे गुण मिळाले, दोन्ही दिराचे, आणि ती यादीबाहेर गेली. त्याच आठवड्यात त्याच गावच्या अंगणवाडीच्या वहीत तिच्या धाकट्या मुलाच्या नावापुढे तीव्र कुपोषणाची तिसरी श्रेणी लिहिलेली होती. ग्रामसभेत हे सर्वांना ठाऊक होते आणि कोणी बोलले नाही, कारण एक नाव आत आले तर एक बाहेर जाणार होते. गुणांकनवाल्यांनी आणि ग्रामसभावाल्यांनी, दोघांनीही या प्रसंगाचे उत्तर द्यावे. उत्तर अंगणवाडीच्या वहीत होते; ती वही पाहून यादी दुरुस्त करण्याचा अधिकार गावात कोणालाही नव्हता, आणि आजही नाही.

दुसरा वाद संगणकाचा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये झाला, आपले सरकार सेवा केंद्रे निघाली, अनुदान थेट खात्यात जाऊ लागले, तेव्हा दाखल्यांची पायपीट हा इतिहास झाला, असे प्रतिपादन तरुण सहकाऱ्यांनी केले आहे. त्यांच्या उत्साहाचा आदर राखून एक हकिगत सांगणे आवश्यक आहे. कांदा खांडणीवर जाणाऱ्या एका वृद्ध बाईचे निवृत्तिवेतन बंद झाले. तहसीलच्या पडद्यावर ‘जमा’ असे दिसे, बँकेत पासबुक भरले की काहीच नसे, आणि सेवा केंद्रात अंगठा उमटत नसे, कारण विळ्याने आणि कांद्याच्या पातीने बोटांच्या रेषा झिजल्या होत्या. प्रत्येक कार्यालयाचे म्हणणे आपापल्या परीने खरे होते. शेवटी बचत गटाच्या एका ताईने शोधून काढले की, बाईंचे एक विसरलेले खाते पूर्वी दुसऱ्या बँकेत उघडले गेले होते, आधार क्रमांक त्याला जोडलेला होता, आणि पैसे निमूटपणे तेथे साठत होते. संगणकाने पैसे अचूक पाठविले. ते कोठे गेले हे पाहण्याचे काम मात्र कोणत्याही खात्याच्या कर्तव्यसूचीत नव्हते, आणि ज्या ताईने ते केले तिला त्यासाठी मानधन नव्हते, अधिकारपत्र नव्हते, बसण्यास खुर्चीही नव्हती.

केरळचा उल्लेख या संदर्भात टाळता येत नाही, जरी तेथील दावे तेथीलच अर्थतज्ज्ञांना सर्वस्वी मान्य नाहीत. १९९८ मध्ये सुरू झालेल्या कुटुंबश्रीचे बचत गट आरंभापासून स्थानिक स्वराज्य संस्थांशी बांधलेले आहेत, आणि २०२१ पासून तेथे अतिदारिद्र्य निर्मूलनासाठी स्थानिक संस्थांनी ६४,००६ कुटुंबे शोधून प्रत्येकासाठी अन्न, आरोग्य, निवारा व उत्पन्न यांचा वेगळा लहान आराखडा केला. त्यातही लक्षणीय गोष्ट ही की, ज्यांच्याकडे शिधापत्रिका वा आधार नव्हते त्यांना आधी कागद देण्यात आले. कागद आणा मग पाहू, असे सांगण्यात आले नाही. दक्षिण अमेरिकेतील चिली देशात २००२ पासून चिली सॉलिदारिओ या कार्यक्रमात नगरपालिकांच्या सहभागाने कुटुंब साहाय्यक गरिबाच्या घरी जात असे आणि निरनिराळ्या सेवांशी त्याची गाठ घालून देत असे. दोन्हीकडे चालण्याचे काम सरकारी पायांनी केले, एवढेच येथे पुरे.

महाराष्ट्राला हे कळत नव्हते असे नाही. पुण्याच्या गोखले संस्थेत दांडेकर आणि रथ यांनी १९७१ मध्ये गरिबीचे मोजमाप केले, आणि पुढे नीलकंठ रथ यांनी १९८५ मध्ये कर्ज आणि मालमत्ता देऊन गरिबी हटते काय, हा प्रश्न परखडपणे विचारला व मजुरीच्या कामावर भर दिला. त्या वादात रथ यांची बाजू बळकट होती. परंतु एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातील म्हशी वाटण्याचे काम ज्यांनी केले, त्यांना आणखी एक गोष्ट दिसली: म्हैस बँकेच्या कर्जातून आली, तिचा दवाखाना जिल्हा परिषदेकडे, चाऱ्याची जमीन कोणाचीच नाही, दूध संघाची गाडी दुसऱ्या रस्त्याने, आणि या सर्वांची भेट जेथे व्हावयाची तो गोठा पाहण्याची जबाबदारी कोणत्याही एका खात्याची नव्हती.

करावयाच्या कामांविषयी निमंत्रकांचा आग्रह आहे, म्हणून काही गोष्टी सुचविणे भाग आहे. ग्रामपंचायतीत प्रत्येक कुटुंबाची एकच नोंदवही असावी आणि तीत अंगणवाडीपासून रेशनपर्यंत सर्वांनी लिहावे. तिचा नमुना कोणी तयार करावयाचा आणि खासगी माहितीचे काय, हे दुपारच्या सत्रात ठरावे. एका कार्यालयाजवळ असलेली माहिती दुसऱ्याने अर्जदाराकडे मागू नये, असा नियम व्हावा. मसुद्यासाठी एखादी लहान समिती नेमता येईल. रोजगार हमीसाठी तालुक्यात कार्यक्रम अधिकारी तहसीलदार आणि सहकार्यक्रम अधिकारी गटविकास अधिकारी, ही दुहेरी व्यवस्था संपवून ते काम पंचायत समितीकडे सोपवावे, आणि समितीवर निवडून आलेली माणसे असावीत. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतील ६० टक्के रक्कम बंधित, म्हणजे पाणी व स्वच्छतेसाठीच राखीव होती. उरलेल्या अबंधित निधीतून बचत गटाच्या त्या ताईसारख्या कार्यकर्तीला मानधन देता येईल काय, हे लेखापरीक्षकांना विचारून पाहावे, नाही म्हणाले तरी लेखी विचारावे. आणि गरिबांच्या याद्या १ मे च्या ग्रामसभेपुढे ठेवू नयेत. उन्हाळ कांदा काढणीचे आणि चाळीत भरण्याचे काम या भागात त्या सुमारास चालू असते, ज्यांची नावे यादीत असावयास हवीत ती माणसे वावरात असतात आणि सभेला बागायतदार येतात. त्या सभेची तारीख पावसाळ्याच्या तोंडाशी, रोज नसलेल्या एखाद्या दिवशी धरावी आणि वेळ संध्याकाळची ठेवावी.