लिटर की किलो?

नागपूरच्या धरमपेठेतल्या कुठल्याही किराणा दुकानात तेलाची एक लिटरची पिशवी हाती घ्या आणि तिच्यावर छापलेले ग्रॅम वाचा. आकडा साधारण 910 दिसेल. तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून लिटरभर तेल किलोभर भरत नाही. लिटरचा भाव किलोच्या भावाशी ताडून पाहताना हे विसरलं की हिशेब चुकतो.

त्यात आपलं नागपूरचं ऊन! तापलं की तेल फुगतं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दिलेलं उदाहरण ऐका: एक लिटर सोयाबीन तेल 21 अंशांना 919 ग्रॅम भरतं, 60 अंशांना 892.6 ग्रॅम. पिशवीवर साठ अंश छापले की तेवढं कमी तेल भरता येत होतं. तापमान छापू नका, असं कंपन्यांना सांगण्यात आलं, ते फार योग्य झालं.

सुगंधी तेलांत तेलागणिक वजनाचा फरक आणखी मोठा. संत्र्याच्या सालीचं 10 मिलिलिटर तेल जेमतेम साडेआठ ग्रॅम, तर लवंगेचं दहाच्या वर. ते पाण्यात चक्क बुडतं. थेंब मोजण्यातही भरवसा नाही, कारण ड्रॉपरगणिक थेंबाचा आकार बदलतो. म्हणून घरी साबण किंवा मलम करत असाल, तर 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या.