पानगळ अंगणातच राहू द्या

माघ सरत आला की आपल्या परसबागेत दोन गोष्टी एकाच वेळी चालू असतात. देशी बदामाची पानं लाल होऊन गळतात, चाफ्याच्या फांद्या उघड्या पडलेल्या असतात, कडुनिंब अंगणभर पिवळा पाचोळा टाकतो. आणि त्याच दिवसांत आंब्यावर मोहोर असतो, कढीलिंबाला कोवळे शेंडे येतात, छाटलेला मोगरा फुटू लागतो. थंड देशांत पानगळ आणि पालवी यांच्यामध्ये गारठ्याचे कितीतरी महिने जातात. आपल्याकडे फाल्गुनात पानं झाडणाऱ्या कडुनिंबाची नवी पालवी पाडव्याला आपल्या ताटात असते. थोडा विचार केला तर यातून एक गोष्ट लक्षात येते. आपल्याकडची झाडं पानं गाळतात ती मुख्यतः पुढच्या कोरड्या दिवसांच्या तयारीसाठी. जमिनीतली ओल उतरू लागते, जुन्या पानांतून पाणी मात्र उडत राहतं; तेव्हा झाड ती पानं टाकून देतं. नवी पालवी फुटते ती खोल गेलेल्या मुळांच्या आणि खोडात राखलेल्या ओलीच्या जोरावर. वाफ्यातल्या वांगी-मिरचीला, कुंडीतल्या मोगऱ्याला हा आधार नसतो. त्यांचा सगळा संसार वरच्या वीतभर मातीत. म्हणून वसंतात बाग जगवायची तर ही वीतभर माती जपायला हवी, आणि ती जपण्याचं साधन झाडांनी आधीच खाली टाकलेलं असतं. नेमकं तेच आपण झाडून गोळा करतो आणि काडी लावतो.

पान गळण्यापूर्वी झाड त्यातलं नत्र आणि स्फुरद बऱ्याच अंशी आत ओढून घेतं. तरीही काही भाग पानात उरतोच, आणि कॅल्शियम तर जवळजवळ सगळं पानातच राहतं. पाचोळा कुजला की हे सारं मातीत परततं. जाळला की नत्र धुराबरोबर हवेत जातं. पालाश आणि चुना राखेत राहतात खरे, पण मातीला भुसभुशीत करणारा, पाणी धरून ठेवणारा सेंद्रिय भाग संपलेला असतो. खतापेक्षाही मोलाचं काम पाचोळा न कुजता, नुसता पसरून करतो. उघड्या मातीवर ऊन आणि वारा थेट पोचतो, वरचा थर तापतो, ओल भराभर उडते. दोन-तीन इंच पाचोळा अंथरला की माती थंड राहते, तणाच्या बियांना उजेड मिळत नाही आणि गांडुळं वरच्या थरात टिकून राहतात. उसाच्या शेतात हे मोठ्या प्रमाणावर दिसून आलं आहे. पाचट पेटवून देण्याची रीत सोडून ज्यांनी ते सरीत पसरलं, त्यांच्या पाण्याच्या पाळ्यांमधलं अंतर वाढलं. कृषी खातंही आज पाचट जाळू नका असंच सांगतं. जे एकरभर उसाला लागू आहे, ते चार वाफ्यांना लागू नसण्याचं काही कारण नाही.

यावर कोकणातले श्रोते विचारतील की आमच्याकडे भाताच्या तरव्यासाठी, म्हणजे रोपवाटिकेसाठी, राब भाजतात, पालापाचोळा नि फांद्या पसरून पेटवतात, ते चुकीचं का? राबामागे वेगळा हेतू आहे. पावसाच्या तोंडावर, रोपवाटिकेच्या एवढ्याशा तुकड्यात तणाचं बी मारायचं आणि लगेच उगवणाऱ्या रोपांना राख द्यायची, असा तो हिशेब असतो. जंगलातल्या फांद्या त्यासाठी तोडाव्यात का, हा वाद आहेच. पण फाल्गुनात अंगणात पेटवलेल्या ढिगापाशी ना रोपं असतात ना पाऊस, त्यामुळे राबाचा दाखला इथे लागत नाही. पाचोळ्यात लपणाऱ्या विंचू-सापांची भीती मात्र खरी आहे, ती उडवून लावू नये. तिचं उत्तर पाचोळा कुठे आणि किती ठेवायचा यात आहे. दाराजवळ, मुलांच्या खेळण्याच्या जागेत, भिंतीच्या कडेला ढीग नकोत. वाफ्यात आणि आळ्यात पातळ थर पुरे, आणि हात घालण्याआधी तो काठीने हलवावा. वाळवी लागू नये म्हणून खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडावी. कोरडी पानं मातीत मिसळली तर कुजताना ती काही काळ मातीतलं नत्र खातात हे खरं. म्हणून ती गाडू नयेत, वरच ठेवावीत. गुलाबाची काळे ठिपके पडलेली किंवा जास्वंदीची पिठ्या ढेकणाने भरलेली पानं तेवढी वेगळी काढावीत. राहता राहिलं नीटनेटकेपण. मला स्वतःला झाडून लख्ख केलेल्या आणि एप्रिलच्या उन्हात भेगाळलेल्या मातीपेक्षा पाचोळ्याखाली ओल धरलेली माती अधिक देखणी वाटते.

कायद्याचं म्हणाल तर, 2016च्या घनकचरा नियमांनी रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागेत कचरा जाळायला मनाई केली होती. बागेतला कचरा वेगळा ठेवून आपल्याच आवारात साठवावा, असं ते नियम सांगत होते. धुराचा त्रास शेजारच्या दम्याच्या रुग्णाला सर्वांत आधी होतो, एवढं कारणही खरं तर पुरेसं आहे. ज्यांच्याकडे पाचोळा फार साठतो, त्यांनी उरलेला कोपऱ्यात जाळीच्या पिंपात दाबून भरावा, अधूनमधून शेणपाणी शिंपडावं. आंबा-फणसाची चिवट पानं कुजायला वेळ घेतात. ती हाताने चुरून टाकली तर काम लवकर होतं. ज्यांच्याकडे फक्त गॅलरी आहे, त्यांनी सोसायटीच्या आवारातली पिशवीभर पानं मागून घ्यावीत, कुंड्या उन्हाळ्यात सर्वांत आधी सुकतात. तेव्हा श्रोतेहो, यंदा अंगण झाडाल तेव्हा तो ढीग पेटवू नका. मोगऱ्याच्या आळ्यात पसरा आणि वर तांब्याभर पाणी घाला.