चार वाक्यांचा संवाद
(नभोवाणीवरील भाषण)



नगर-मनमाड रस्त्यावर, प्रवरेच्या कांठीं, कोल्हार हें गांव आहे. भगवतीदेवीच्या देवळामुळें पुष्कळांस तें ठाऊक असेल. शिर्डीस जाणाऱ्या यात्रेकरूंच्या गाड्या या गांवावरून जातात आणि त्यांत परप्रांतांतले लोकहि असतात. त्यांपैकीं एखाद्यानें तेथल्या शाळकरी मुलास इंग्रजींत रस्ता विचारला, तर काय होईल? मुलाला रस्ता पाठ असतो. 'रोड' आणि 'ब्रिज' हे शब्दहि ठाऊक असतात. तरी बहुधा तो नुसत्या बोटानेंच दिशा दाखवील. शब्द आहेत, व्याकरण आहे, पण तोंड उघडत नाहीं. ही अडचण एकट्या कोल्हारची नव्हे; पुण्यामुंबईच्या घराघरांतहि ती आहे.

महाराष्ट्रांत इ. स. २००० पासून मराठी शाळांत पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकवितात. म्हणजे शालान्त परीक्षेपर्यंत दहा वर्षें ही भाषा मुलाच्या कानांवर पडते. मग बोलणें कां येत नाहीं? उत्तर साध्या हिशेबांत आहे. वर्गांत साठ मुलें आणि तास पस्तीस मिनिटांचा असेल, तर शिक्षकांनीं स्वतः अक्षरहि न बोलतां प्रत्येकास पाळीपाळीनें बोलतें केलें, तरी एकेकाच्या वांट्यास पस्तीस सेकंदच येतात. त्याच तासांतलीं दहा मिनिटें मुलांच्या जोड्या करून दिल्या, तर प्रत्येकास पांच मिनिटें मिळतात. मात्र जोडीला बोलण्याजोगें कांहीं हवें. तें काम लहानसा संवाद करतो.

आपल्याकडे पिढ्यान् पिढ्यांनीं तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवर इंग्रजीचा पाया घातला. वाक्यरचना पक्की होण्यास तिचा मोठाच उपयोग झाला. परंतु भाषांतर करणाराला विचारास सवड असते. बोलणाराला ती नसते. शिवाय भाषांतरांत रीतभात निसटते. मराठींत आदर क्रियापदांतच असतो. 'पाणी द्या' म्हटलें कीं पुरे; तेथें आणखी विनवणी लागत नाहीं. तेंच शब्दशः 'गिव्ह मी वॉटर' केलें कीं हुकूम होतो. निरोप घेतांना आपण 'येतों' म्हणतों. त्याचें 'आय कम' केलें तर ऐकणारा बुचकळ्यांत पडेल. अशा गोष्टी नियमानें शिकवितां येत नाहींत. त्या प्रसंगासकट कानांत बसाव्या लागतात.

एक नमुना पाहूं. स्थळ, कोल्हारचें मोटार-स्थानक.

'एक्स्क्यूज मी. इज धिस द बस टु शिर्डी?'
'नो, धिस वन गोज टु नगर. यू नीड दॅट वन.'
'व्हेन डज इट लीव्ह?'
'इन टेन मिनिट्स.'

प्रथम पुस्तकें मिटून हा संवाद दोनतीनदां ऐकावा. मग वर्गाचे दोन भाग करून तो एकसुरांत म्हणावा. नंतर जोडीजोडीनें, भूमिका आलटूनपालटून. येथवर झालें तें पाठांतर. खरें काम पुढेंच आहे. शिर्डीऐवजीं लोणी घ्यावी, दहाऐवजीं वीस मिनिटें. शेवटीं एकाच्या हातीं वेळापत्रक द्यावें व दुसऱ्यास तें दिसूं देऊं नये. विचारणाराला उत्तर खरोखरच ठाऊक नसलें, म्हणजे तो लक्ष देऊन ऐकतो आणि पाठांतराचें बोलणें होतें.

कोणी म्हणतील, ही पोपटपंचीच झाली! ज्यांनीं तबला शिकतांना पाहिलें असेल, ते असें म्हणणार नाहींत. विद्यार्थी आधीं कायदा घोटून पाठ करतो. मग त्याच बोलांचे पलटे वाजवितो. कायद्यावरच जो थांबला, तो पोपट. कायद्यावांचून जो पलट्यांस धांवला, त्याचा ताल सुटतो.

आणखी एक आक्षेप जुना आणि वजनदार आहे. बंगालमध्यें शिक्षणकार्य करणारे मायकेल वेस्ट यांनीं १९२६ सालच्या 'बायलिंग्वलिझम' या ग्रंथांत वाचनास अग्रस्थान दिलें. येथील मुलास परभाषा वाचतां येणें अधिक उपयोगाचें, असा त्यांचा विचार होता. त्या काळीं तो पटण्यासारखा होता. आज मात्र नोकरीच्या मुलाखतींत, गुणपत्रिका उत्तम असूनहि, हुशार उमेदवार पहिल्या प्रश्नालाच अडखळतो आणि त्याच्या घरचीं वर्षानुवर्षांचीं कष्टाचीं स्वप्नें तेथेंच थबकतात.

घरच्या मंडळींनीं यांत काय करावें? रात्रीं जेवणें आटोपल्यावर पांच मिनिटें पुरेत. आईला इंग्रजी येत नसेल तर फारच उत्तम. मुलानें तिला चार वाक्यें शिकवावीं. शिकवितांना त्याचीं तीं पक्कीं होतील. मूल बोलत असतां मध्येंच चूक काढूं नये. वाक्य संपूं द्यावें, मग बरोबर वाक्य आपण सहज उच्चारावें. आणि हंसूं तर मुळींच नये. व्याकरणाची चूक उद्यां दुरुस्त होते; पण एकदां हंसें झालेलें मूल पुन्हां तोंड उघडावयास कित्येक महिने घेतें.