मूल कसे वाढते, हे शिकवावे कसे?

(महोत्सवानिमित्त नागपूर येथे शिक्षक व धर्मशिक्षक यांच्या सभेत धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या मंगल प्रसंगी पूर्वजांचे स्मरण करणे उचितच होय. परंतु उद्या ही ख्रिस्तसभा ज्यांच्या हाती जावयाची, त्या बालकांविषयी दोन शब्द बोलण्याची मी आपली अनुज्ञा मागतो.

प्रथम एका अपराधाची कबुली देतो. मला धर्मगुरुदीक्षा मिळून थोडीच वर्षे झाली होती. एके रविवारी सरबत वाटताना, भावाला अधिक मिळाले म्हणून पाच वर्षांच्या एका मुलाने आकांत मांडला. मी दोघांस सारखेच दिले होते; भावाचा पेला मात्र उंच व अरुंद होता. मी त्याला सर्वांदेखत लोभी म्हटले. ते मूल पुन्हा धर्मशिक्षणास आले नाही. बालविकासाचे सिद्धांत मी सेमिनरीत मुखोद्गत केले होते. परंतु समोरचे मूल मला ओळखता आले नाही.

स्वित्झर्लंडचे झां पियाजे (१८९६–१९८०) यांनी नेमके हेच दाखविले होते. साधारणतः सात वर्षांखालील मूल पाण्याची उंची पाहते व उंच पेल्यात पाणी अधिक आहे असे मानते. तो लोभ नव्हे, असत्यही नव्हे; ती त्या वयाची समजूत होय.

म्हणून माझी विनंती अशी, की शिक्षकांस हे शास्त्र टिपणे सांगून शिकवू नये, कृतीने शिकवावे. दोन सारखे पेले, एक उंच अरुंद पेला व आपल्या संत्र्यांच्या बारा बिया पुरेत. मुलासमोर सहा-सहा बियांच्या दोन सारख्या ओळी मांडाव्या, मग एक ओळ लांबवावी आणि विचारावे, "आता कोठे जास्त?" मूल काय म्हणेल, ते प्रत्येक शिक्षकाने आधी लिहून ठेवावे. उत्तर ऐकल्यावर "चूक" म्हणू नये, "असे का वाटले?" एवढेच विचारावे. मग चार, सहा व आठ वर्षांच्या मुलांची उत्तरे शेजारी ठेवून चर्चा करावी. सिद्धांत तेथे आपोआप डोळ्यांसमोर उभा राहतो.

ह्यात एक सावधगिरी हवी. प्रश्न विचारण्याची रीत बदलली, तर लहान मुलेही अधिक समज दाखवितात, असे मार्गारेट डोनाल्डसन यांनी १९७८ साली आपल्या ग्रंथात प्रतिपादिले. म्हणून वयाचे आकडे म्हणजे कुंपण नव्हे.

महाराष्ट्राला ही दृष्टी नवीन नाही. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह उघडले. त्यांच्या विचारांतून स्फूर्ती घेऊन ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे बालशिक्षणाचे कार्य केले. महागडी साधने त्यांनी मागविली नाहीत. शिंपले, खडे, पाने व बिया ह्यांनीच काम भागविले. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात नेली. मुलाने आपल्याकडे यावे, ह्यापूर्वी आपण मुलापर्यंत जावे, हाच त्यांचा धडा होय.

आपला प्रभूदेखील नाझरेथात बालपणापासून क्रमाक्रमानेच वाढला. मग आपल्या बालकांस आपण घाई का करावी? त्या मुलाची क्षमा मागण्याची संधी मला मिळाली नाही. आपणांवर तशी पाळी न येवो, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.